ठकीचं दुखणं

आमच्या चाळीत फिनेल कुणी मोजून वापरत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. आषाढात मोऱ्या तुंबतात, सामाईक संडासांचा वास जिन्यापर्यंत येतो, गॅलरीतल्या लाद्यांना ओल धरते, आणि मग ज्याच्या हाताला येईल तो बाटली उपडी करतो. फिनेलही कंपनीचं नसतं. सायकलवरून ओरडत येणाऱ्याकडून घेतलेलं, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेलं. बाटलीवर चिठ्ठी नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, किती पाण्यात किती घालायचं तेही नाही. नाकाला झोंबलं की माल चांगला, एवढीच परीक्षा.

जुलैतल्या एका दुपारी गॅलरीच्या टोकाला अशी एक बाटली कलंडली आणि आमची ठकी त्या पाण्यातून चालत घरी आली.

ठकी तीन रंगांची मांजरी, वजनाला जेमतेम तीन किलो. लालबागच्या आमच्या खोलीत माणसं चार: मी, नाइटड्यूटीचे वॉचमन असलेले आमचे हे, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. दुकानातून आलेल्या साड्यांचा गठ्ठा खाली ठेवला की ठकी त्याच्या शेजारी येऊन बसायची, वर कधी चढली नाही. त्या दिवशी ती आली ती सरळ मशिनखाली शिरली. वाकून पाहिलं तर तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. पंजा चाटायची, थांबायची, घशात अडकल्यासारखा आवाज काढायची आणि पुन्हा पंजा चाटायची. जवळ घेतलं तेव्हा वास आला. पोटाखालचे केस चिकट, पांढरट झालेले. अंगाला काही लागलं की ते जिभेनं काढून टाकायचं हा मांजराचा स्वभाव, आणि तोच त्या वेळी तिच्या जिवावर उठला होता.

चाळीत बातमीला पाय लागत नाहीत. दोन मिनिटांत दारात सातआठ जणी. एक म्हणाली मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल. एक म्हणाली दूध. तिसरीनं तूप आणायला मुलाला पिटाळलंसुद्धा. सगळ्यांच्या मनात कळवळाच होता. मी समोरच्या इमारतीतल्या काकूंना फोन लावला. त्या रोज रात्री गल्लीतल्या मांजरांना खायला घालतात, आजारी पडली की उचलून दवाखान्यात नेतात. त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"ओकवू नकोस. भाजत खाली गेलंय, ओकताना परत भाजत वर येईल. मीठ तर बिलकूल नको, त्याचंच वेगळं विष होतं. लाळ गळतेय ना? मग जबरदस्तीनं काही पाजू नको, फुप्फुसात जाईल. आधी धू तिला. आणि ती बाटली फेकू नकोस, बरोबर घे."

मुलीनं टॉवेलात गुंडाळून ठकीला मानेपाशी धरलं. मी हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, घमेल्यात कोमट पाणी घेतलं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब. पोट, छाती, शेपटीची खालची बाजू, आणि मग पंजे, एकेक बोट वेगळं करून. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं, मग साध्या पाण्यानं धुतलं, वास जाईपर्यंत धुतच राहिले. ओल्या मऊ फडक्यानं तोंडाच्या कडा आणि दात पुसले. तिनं मला ओरबाडलं, पण मांजर अंगात जोर आहे तेव्हाच ओरबाडतं, म्हणून त्या वेळी मला त्याचं बरंच वाटलं.

सासूबाई मात्र चिडल्या होत्या. "ह्या पावसात तेका न्हाणयतंस कित्याक? गारठान मरात ता." त्यांचंही खरंच होतं. विषानं अंग आधीच थंड पडू लागलेलं, त्यात पाणी. धुणं झाल्याबरोबर त्यांनीच ठकीला माझ्या हातातून घेतलं, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. मी बाटलीत गरम पाणी भरून, तिला पंचा गुंडाळून, शेजारी ठेवली.

मग पैशाचा विचार. डब्यात भिशीच्या हप्त्याचे बाराशे रुपये होते. महिना संपायला अजून वेळ होता. जवळच्या एका खासगी दवाखान्यात फोन केला तर ठेवून घ्यावं लागेल म्हणाले, आणि आधी भरायची जी रक्कम सांगितली ती आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी होती. मी फोन ठेवला. हे झोपेतून उठून शर्ट चढवत होते. म्हणाले, "परळला नेऊ. बैलघोड्याला."

गिरणगावातल्या जुन्या माणसांना बैलघोडा हॉस्पिटल वेगळं सांगावं लागत नाही. त्याचं पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. १८८० च्या दशकात ते उभं राहिलं, तेव्हा या शहरातली ओझी बैल आणि घोडे ओढायचे आणि रस्त्यात कोसळायचे. त्यांच्यासाठी ते होतं, म्हणून लोकांनी ते नाव दिलं. १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालयही तिथंच सुरू झालं. आज बैल-घोडे क्वचितच दिसतात. त्या दिवशी बाकावर आमच्या एका बाजूला बकरी घेतलेला माणूस होता, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचं खरजेलं कुत्रं पोत्यावर ठेवून बसलेली दोन कॉलेजची मुलं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानंही आपलं जनावर घेऊन यावं, या विचारानं कुणीतरी एवढी मोठी जागा आणि पैसा दिला, याचं मोल मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

डॉक्टर तरुण होत्या. बाटली हुंगून, थोडं फिनेल पाण्यात टाकून त्यांनी पाहिलं. काळं फिनेल डांबरी तेलापासून बनतं, त्यात फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. पांढऱ्यात बहुतेक करून पाइन तेल. मांजराला दोन्ही वाईट. त्यांनी ठकीचा जबडा उघडून मला जीभ दाखवली. टोकाला आणि एका कडेला पांढरा चट्टा पडला होता. हिरड्या गुलाबी होत्या, तपकिरी नव्हत्या, ते त्यांना बरं वाटलं. ताप मोजला तर ९८. माणसाला ठीक, पण मांजराचं अंग १०१-१०२ च्या आसपास हवं.

मी त्यांना विचारलं, याच गॅलरीतून भटकी कुत्री रोज जातात, त्यांना काही होत नाही, मग हिलाच का? त्यांनी सांगितलेलं मी तेव्हापासून अनेकांना सांगितलं आहे. फिनॉलसारखं द्रव्य शरीरात गेलं की माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल नावाचा पदार्थ जोडतं, त्यामुळे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जातं. ही जोडणी करणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मांजराचं कूळ निव्वळ मांसावर जगलेलं. झाडपाल्यातली असली द्रव्यं पचवायची त्याला कधी गरजच पडली नाही. म्हणून जे कुत्र्याच्या अंगातून काही तासांत निघून जातं ते मांजराच्या अंगात घोळत राहतं. पॅरासिटामॉलचंही हेच. आपण बिनधास्त घेतो ती ५०० मिलीग्रॅमची गोळी, तिचा अर्धा तुकडाही मांजराला मारायला पुरतो: रक्त तपकिरी होतं, तोंड सुजतं, श्वास लागतो. "रात्री ताप वाटला तर कुणीतरी गोळी द्यायला सांगेलच," डॉक्टर म्हणाल्या. "देऊ नका. इथे घेऊन या."

तपासणी झाली आणि त्या कागदावर लिहू लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्याकडे आज बाराशे रुपये आहेत. त्यात हिला सगळ्यात आधी जे लागेल ते करा. बाकीचं मी आणीन, पण आज नाही." बोलताना घसा दाटून आला होता, तरी बोलले. त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्यानंतरचं सगळं बोलणं बदललं. त्यांनी दोन रकाने पाडले: आज, आणि नंतर. आज सलाईन शिरेतून, अंग गरम ठेवत सावकाश. आज पोटातल्या आम्लावरचं इंजेक्शन आणि मांजराला चालणारं दुखण्यावरचं इंजेक्शन. आज सुक्राल्फेटचं औषध, जे घशातल्या आणि पोटातल्या जखमांवर लेपासारखं बसतं आणि माणसांच्या केमिस्टकडे स्वस्तात मिळतं. रक्ताची तपासणी मात्र त्यांनी नंतरच्या रकान्यात टाकली. "यकृताला मार बसला असेल तर आकडे आज दिसणार नाहीत, दोन-तीन दिवसांनी चढतील. पैसे एकदाच खर्च करता येणार असतील तर तेव्हा करा."

आपला आकडा डॉक्टरांना स्पष्ट सांगायचा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, कारण आमच्यासारख्या घरात जनावर आजारी पडलं की प्रश्न एकदम येऊन आदळतो: परवडतं की नाही? आणि उत्तर नाही असं आलं की माणूस मुकाट घरी बसतो. डॉक्टरपर्यंत पोचून आकडा स्पष्ट सांगितला, तर त्या आकड्यात पहिलं काय आणि दुसरं काय, हे ठरवणं त्यांना जमतं. ते आपल्याला जमत नाही, कारण काय थांबू शकतं आणि काय नाही हे आपल्याला माहीत नसतं.

संध्याकाळी ठकीला घरी आणलं आणि खरं काम सुरू झालं. दवाखान्यात जे पैशानं होतं ते घरी हातानं करायचं होतं.

तिनं अंग चाटू नये म्हणून गळ्याला नळकांडं हवं होतं. विकतचं नको म्हणून सासूबाईंच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म कापली, नरसाळ्यासारखी वळवली, कडांना फॉलचं कापड शिवलं म्हणजे मानेला रुतणार नाही. ते अगदी बेतशीर बसलं. सुक्राल्फेट रिकाम्या पोटी द्यायचं, मग तासभर थांबून खाणं. सुई काढलेली सिरिंज तोंडाच्या कडेनं, सुळ्याच्या मागे, आत सरकवायची आणि थोडं-थोडं सोडायचं. ती गिळते का बघायचं, मगच पुढचं. डोकं वर करून ओतलं की ठसका लागतो आणि ठसका म्हणजे छातीत पाणी. मुलीचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. अभ्यासाच्या मधे उठून ती हे करायची.

खायला काय द्यायचं हा पेच होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद, बाजारात जे येतं त्याच्या भावाला हात लावायची सोय नाही. चिकनवाल्याकडे कोंबडीच्या माना आणि कलेजी स्वस्तात मिळते. माना नुसत्या पाण्यात शिजवायच्या, हाडं वेचून काढायची, उरलेलं मिक्सरमधून काढून गाळून घ्यायचं. मीठ नाही. कांदा-लसूण तर नावालाही नाही, कारण त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या घरातला कुठलाच रस्सा म्हणूनच मांजराच्या उपयोगाचा नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

खाणं इतकं महत्त्वाचं का, तेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. माणूस चार दिवस उपाशी राहिला तर अशक्त होतो. मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात येऊन साचू लागते, आणि विषातून वाचलेलं जनावर उपासानं जातं. म्हणून तिला नको असलं तरी भरवायचं. मी मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले: किती मिलिलिटर गेलं, किती बाहेर आलं, लघवी झाली का, रंग कसा. दिवसाला सगळं मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी तिच्या पोटात जायला हवं होतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. पटकन खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडतंय. सकाळच्या उजेडात कानाची आतली बाजू आणि हिरड्या बघायच्या, पिवळेपणा येतोय का. काविळीची ती भीती माझ्या मनातून दिवसभर जायची नाही. साडीवर टाका घालताना मधेच उठून मी तिचा कान उलटा करून बघायचे.

एका रात्री ती पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली. सिरिंज लावली तर सगळं बाहेर. अंग तापलेलं. आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं, शेजारून अर्धी गोळी आली, पाण्याच्या पेल्यासकट. ज्यांनी आणली त्या बाईंचा स्वतःचा जीव तुटत होता. मी त्यांचा हात धरून आत बसवलं आणि गोळी का नको ते सांगितलं. त्या रात्रभर आमच्याकडेच बसल्या. पहाटे मी दुकानाच्या साड्या पूर्ण करायला घेतल्या, कारण त्या गेल्या नाहीत तर पुढचे पैसेच नाहीत. सकाळी हे ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तू पाठ टेक जरा. मी नेतो तिला." रात्रभर उभं राहून आलेला माणूस भाजीची पिशवी छातीशी धरून परळच्या रांगेत जाऊन बसला.

तोंडातली जखम चिघळली होती, त्याचा ताप होता. अँटिबायोटिक सुरू झालं. रक्तही त्याच दिवशी घेतलं. यकृताचा एसजीपीटीचा आकडा चढलेला होता, पण डॉक्टरांना ज्याची भीती होती तेवढा नाही. मूत्रपिंडं ठीक होती. पुढचे काही दिवस कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं. शिरेतून द्यायचं तर रोज न्यावं लागतं. कातडीखालचं घरी देता येतं. मग काकू आणि मी गेलो तेव्हा डॉक्टरांनी किती आणि कसं ते आम्हा दोघींना दाखवून दिलं. खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलायची, तिथं उंटासारखा उंचवटा येतो, काही तासांत जिरून जातो. काकूंकडे न फोडलेले दोन सेट शिल्लक होते, ते त्यांनी दिले. केमिस्टनं यकृताचं एक महागडं टॉनिक पुढे केलं होतं. मी आधी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तेच पैसे खाण्यावर घाला.

सासूबाई कोकणातून येताना सुकट आणतात, पावसाळ्याची बेगमी म्हणून. एका संध्याकाळी त्यांनी तव्यावर सुकट भाजायला टाकली. चाळभर वास गेला. पिंपामागून एक्स-रेचं नळकांडं खरडत बाहेर आलं. ठकी तव्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, नाक हलवत. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आयलां गे आयलां!" सुकट खारट आणि करकरीत, तशी देण्यात अर्थ नव्हता. चिमूटभर घेऊन दोनदा धुतली, उकळली, चुरली आणि मानांच्या पेजेत मिसळली. तिनं ताटलीत तोंड घातलं. जीभ दुखत होती म्हणून तिरकं तोंड करून, थांबत थांबत, पण स्वतः खाल्लं. मुलगी रडायलाच लागली. मी वही काढली आणि लिहिलं: आपणहून, दोन चमचे.

तिच्या जिभेचं टोक पुढे झडून गेलं. आता ती खाते नीट, पाणी पिताना जरा सांडते, आणि पाठीचे केस पूर्वीसारखे साफ होत नाहीत. ते मी रोज फणीनं विंचरते. यकृताचा आकडा पुन्हा तपासला तेव्हा खाली आला होता.

खर्च सगळा मिळून बाराशेच्या पुढे गेलाच. पण तो एकदम समोर आला नाही, टप्प्याटप्प्यानं आला, म्हणून झेपला. भिशीचा हप्ता त्या महिन्यात चुकला. भिशीवाल्या बायकांनी पुढच्या महिन्यावर घेऊ दिला. साडीच्या दुकानदाराकडून थोडी उचल घेतली, ती गणपतीच्या आधीच्या कामात फिटली. गौरी-गणपतीला साड्यांचं काम एवढं येतं की रात्री मशिन थांबत नाही.

चाळीच्या बैठकीत मी फिनेलचा विषय काढला. ठकीचा फार नाही काढला, कारण मांजर सगळ्यांना प्रिय नसतं. रांगणाऱ्या मुलांचा काढला. लाद्यांवर हात टेकून तोच हात तोंडात घालणारी पाच-सहा मुलं आमच्या मजल्यावर आहेत. बिनचिठ्ठीची बाटली नको, नाव आणि प्रमाण छापलेली घ्यायची. बादलीत मोजून ओतायचं. पुसून झालं की साध्या पाण्यानं पुन्हा पुसायचं आणि वाळेपर्यंत मुलं-जनावरं आत. डांबराच्या गोळ्या मोरीत टाकतात त्याही बंद करायला सांगितल्या, त्याही मांजराला तितक्याच वाईट. हे बहुतेकांना पटलं. सफाईला येणाऱ्या मावशींना तर आधी पटलं, कारण त्यांचे हात वर्षानुवर्षं त्याच पाण्यात सोलवटतात आणि हातमोजे त्यांना कुणी दिले नव्हते. आता चाळीच्या पैशातून दिले. दोन घरांच्या दाराबाहेर अजून त्याच जुन्या बाटल्या उघड्या असतात. त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे.